नाशिकहून बेलम गुहा: जमिनीखालच्या दीड किलोमीटरची तयारी

आंध्र प्रदेशातल्या बेलमला पोहोचल्यावर नाशिककराचे डोळे आधी डोंगर शोधतात. गुहा म्हटली की ती डोंगराच्या पोटात, आणि तिथवर जायला पायऱ्यांची चढण, हे आपल्याकडचं गणित. पांडवलेणी तशी आहे, चांभारलेणी तशी आहे. बेलमला मात्र समोर सपाट माळ असतो आणि त्या माळात विहिरीसारखे तीन खड्डे. त्यांतल्या मधल्या खड्ड्यात उतरणारा जिना हेच गुहेचं तोंड. तिथून खाली आजवर मोजलेली लांबी ३,२२९ मीटर आहे आणि त्यातला साधारण दीड किलोमीटर पर्यटकांसाठी खुला आहे. मेघालयातल्या प्रचंड गुहा सोडल्या, तर सामान्य माणसाला तिकीट काढून आत जाता येईल अशी एवढी लांब गुहा आपल्या देशात दुसरी नाही.

नाशिकहून इथे जाणाऱ्या माणसांना आम्ही जे सांगतो, ते इथे सविस्तर मांडत आहोत. त्याचा गाभा एवढाच: लेणं बघायची सवय घेऊन बेलममध्ये उतरू नका. तिथे बघण्याआधी हवेचा विचार करावा लागतो.

हा फरक खडकातून येतो. नाशिकचा खडक बसाल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून सह्याद्रीत पाण्याने कोरलेली किलोमीटर-दोन किलोमीटरची गुहा सापडत नाही. सापडतात त्या कपारी, पाण्याची टाकी आणि माणसाने छिन्नीने खोदलेली लेणी. त्रिरश्मी डोंगरावरची २४ लेणी, म्हणजेच पांडवलेणी, माणसाने बाहेरून आत खोदत नेली. त्यामुळे प्रत्येकाला तोंड आहे, ओसरी आहे, दरवाजा आहे. उजेड आणि वारा पुढून येतो. सातवाहन राजा गौतमीपुत्राचं ३ नंबरचं किंवा क्षत्रप राजा नहपानाच्या काळातलं १० नंबरचं लेणं कितीही खोल वाटलं, तरी दरवाजा कायम नजरेसमोर राहतो.

बेलमचा खडक चुनखडीचा आहे, काळसर रंगाचा, आणि तो प्रत्येक मराठी घरात पोहोचलेला आहे. स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा त्याच भागातल्या चुनखडकाचा. त्या ओट्यावर लिंबू चिरून तसंच ठेवलं की पॉलिश उडून पांढुरका डाग पडतो. आम्लाने दगडाचा पातळ थर खाल्लेला असतो. गुहाही याच रीतीने झाली, फक्त लिंबाच्या जागी पावसाचं पाणी होतं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं, खडकाच्या भेगांत शिरतं आणि भेग रुंदावत नेतं. भेगा पूर्ण पाण्याने भरलेल्या असताना खडक सगळीकडून झिजतो, म्हणून बेलममधले बरेच बोळ नळीसारखे गोल आणि भिंती वळणदार, गुळगुळीत आहेत. पुढे भूजलाची पातळी उतरली, बोळ रिकामे झाले, आणि छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साठत जाऊन लवणस्तंभ तयार झाले. छतातून खाली येणारे अधोमुखी, जमिनीवरून वर चढणारे ऊर्ध्वमुखी. त्यांची वाढ वर्षाला मिलिमीटरच्या काही भागाएवढीच असते.

याचा अर्थ आत उतरणाऱ्यासाठी असा, की या बोळांना ओसरी नाही, खिडकी नाही. पाणी जिथे गेलं तिथे वाट गेली. वारा खेळण्याची सोय निसर्गाने फारशी ठेवलेली नाही, म्हणून आत ताजी हवा ढकलण्याची यंत्रणा बसवलेली आहे.

आता प्रवास. नाशिकरोडहून थेट जाण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा मनमाड गाठणं सोपं. दिल्लीहून बंगळूरला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस मनमाड, अहिल्यानगर, दौंड, सोलापूर, वाडी, रायचूर करत गुंतकलला जाते. रात्र गाडीत निघते. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, आणि हिवाळ्यात या गाडीची तिकिटं लवकर संपतात. त्यामुळे तारीख ठरली की पहिलं काम तेच. येण्याचं आणि जाण्याचं तिकीट एकदम काढावं. परतीचं तिकीट नसलेला गट बेलमपेक्षा स्टेशनवरच जास्त वेळ घालवतो. वाटेत सोलापूरच्या पुढे बसाल्ट संपतो आणि शहाबादच्या आसपास चुनखडीचा प्रदेश लागतो. आपल्या अंगणातली शहाबादी फरशी तिथली.

गुंतकलहून गुत्ती आणि गुत्तीहून ताडिपत्री. गुत्ती ते ताडिपत्री साधारण ५० किलोमीटर, ताडिपत्री ते बेलम साधारण ३०. चार-पाच जण असतील तर गुंतकललाच दिवसभराची गाडी ठरवणं परवडतं. एकटादुकटा असेल तर ताडिपत्रीपर्यंत रेल्वे किंवा बस आणि पुढे कोलिमिगुंड्लाच्या बाजूची बस किंवा रिक्षा. रिक्षा ठरवताना परत आणण्याचंही आधीच ठरवा, कारण गुहेच्या दाराशी उभ्या रिक्षांची रांग असेल असं समजू नका. ताडिपत्रीपासून बेलमपर्यंत दुतर्फा फरशीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने दिसतात. हा सगळा पट्टा चुनखडकाचा.

जुने नकाशे आणि माहितीपत्रकं बेलम कुर्नूल जिल्ह्यात दाखवतात. २०२२ मध्ये नंद्याळ हा वेगळा जिल्हा झाला आणि बेलम त्यात गेलं. फोनवर पत्ता शोधताना किंवा गाडीवाल्याला सांगताना गोंधळ होतो, म्हणून कोलिमिगुंड्ला मंडलातलं (मंडल म्हणजे तिथला तालुका) बेलम असं सांगावं.

कधी जावं, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बेलम ज्या भागात येतं तो रायलसीमा हा कमी पावसाचा मुलूख. आपल्या इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाशी त्याची तुलनाच नाही. पण तिथला पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोर धरतो. जोरदार पावसानंतर लगेच जाऊ नये. चुनखडीच्या प्रदेशात पाणी जमिनीवरून वाहण्याऐवजी भेगांतून खाली उतरतं, आणि खाली म्हणजे तुम्ही चालणार त्या बोळांत. अशा वेळी खोलगट भाग बंद ठेवतात, आणि एवढ्या लांब जाऊन अर्धीच गुहा बघावी लागते. मार्च उजाडला की वर माळावर उन्हाचा तडाखा असतो, गुहेतून दमून बाहेर आलेल्या माणसाला सावलीही मिळत नाही. ज्यांना मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच जमतं, त्यांना आम्ही स्पष्टपणे नको म्हणतो.

कपड्यांची निवड सगळ्यात जास्त चुकते. नाशिकहून डिसेंबरात निघणारा माणूस स्वेटर घालून निघतो आणि गुहा म्हणजे गारवा अशी समजूत सोबत घेतो. पांडवलेणीत उन्हाळ्यातही गार वाटतं, म्हणून ही समजूत पक्की असते. पण खोल गुहेतलं तापमान साधारणपणे त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं राहतं. मेघालयात ही सरासरी कमी, म्हणून तिथल्या गुहा थंड. रायलसीमेत ही सरासरीच उष्ण आहे, म्हणून बेलम बाराही महिने उबदार. त्यात हवेतला दमटपणा इतका, की घाम येतो पण वाळत नाही. अंग गार होण्याची आपली सगळी भिस्त घाम वाळण्यावर असते. तो वाळला नाही की शरीर आणखी घाम काढतं, हृदय जोरात चालतं, आणि माणसाला वाटतं की आपल्याला श्वास पुरत नाही. पुष्कळदा कमतरता हवेची नसते, अंगातल्या पाण्याची असते.

म्हणून सुती, सैल, बाहीचे कपडे. जीन्स नको. ती घामाने जड होते आणि वाकून चालताना गुडघ्यावर ताणते. साडी किंवा ओढणी अरुंद बोळात पायाखाली येते. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी गाडीत ठेवावी. पायात पकड असलेल्या रबरी तळाचे बूट. चपला आणि गुळगुळीत तळाचे सँडल ओल्या जागी सटकतात. डोक्यावर कापडी टोपी किंवा रुमाल बांधावा, तो उन्हासाठी नव्हे, छतासाठी. कमी उंचीच्या जागी माणूस वाकतो, पण अंदाज चुकून एक पाऊल आधीच सरळ होतो आणि टाळूला खोक पडते. टोपीमुळे निदान खरचटणं वाचतं. उंच माणसांनी वाकलेली जागा संपली असं वाटल्यावर हात वर करून छत चाचपावं, मगच मान उचलावी.

पाणी प्रत्येकी एक लिटर धरावं. त्यातलं निम्मं उतरण्याआधी, घोट घोट करत, अर्ध्या तासात प्यावं. उरलेलं सोबत. बाटली आत नेण्याबाबत त्या दिवशीचा नियम तिकीट खिडकीवर विचारावा. खाण्याचं काहीही आत नेऊ नये. भरपेट जेवूनही उतरू नये. सकाळी हलकी न्याहारी, गुहा, आणि मग जेवण हा क्रम बरा. पर्यटन महामंडळाचं उपाहारगृह जवळच आहे, पण गर्दीच्या दिवशी ताटासाठी थांबावं लागतं, तेव्हा केळी आणि शेंगदाण्याची चिक्की गाडीत असू द्यावी.

बॅटरी प्रत्येकाकडे स्वतंत्र असावी. आत दिवे आहेत, आणि म्हणूनच लोक बॅटरी नेत नाहीत. पण वीज गेली तर गुहेतला अंधार म्हणजे अमावास्येच्या रात्रीसारखाही नसतो. तिथे डोळे कितीही वेळ थांबले तरी सरावत नाहीत, कारण सरावायला उजेडाचा कणही नसतो. मोबाइलचा टॉर्च चालतो, पण तो धरण्यात एक हात जातो आणि कठड्याला धरायला एकच उरतो. डोक्याला बांधायची साधी हेडटॉर्च, शंभर ते दोनशे ल्युमेनची, आणि नव्या सेलची एक जोडी. दिवे गेले तर चालायचं नाही. जिथे आहात तिथे उभं राहायचं, बॅटरी लावायची, माणसं मोजायची आणि गाइडची वाट बघायची. मोबाइलला आत रेंज मिळत नाही, त्यामुळे "पुढे गेलेल्यांना फोन करू" हा बेत चालत नाही.

जाण्याआधी नाशिकमध्येच दोन चाचण्या घेता येतात, आणि आम्ही त्या प्रत्येकाला घ्यायला लावतो. पहिली पांडवलेणीच्या पायऱ्यांची. मध्ये न बसता वर जाता आलं आणि वर पोहोचल्यावर पाच मिनिटांत नेहमीसारखं बोलता येऊ लागलं, तर दम पुरेसा आहे. दुसरी जास्त महत्त्वाची, पंचवटीतली सीता गुंफा. तिथली वाट इतकी ठेंगणी आणि अरुंद आहे, की वाकून, बसून, पुढच्या माणसाच्या मागे सरकावं लागतं. गर्दीच्या दिवशी जावं. पुढे माणूस, मागे माणूस, मध्ये आपण आणि बाजूला दगड, अशा वेळी छातीत धडधड सुरू झाली, हात थंड पडले, कधी एकदा बाहेर पडतो असं झालं, तर बेलमचे मोठे दालनवजा भाग बघता येतील, पण पाताळगंगेकडे, म्हणजे गुहेतल्या सगळ्यात खोल जागेकडे, जाऊ नये. ही भीती हिमतीने जिंकायची गोष्ट नाही. सीता गुंफेतून दोन मिनिटांत बाहेर येता येतं. बेलममध्ये परतीची वाट लांब असते आणि समोरून येणाऱ्या माणसांनी ती अडलेली असू शकते.

दमा, हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, गर्भारपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. दम्याचा पंप खिशात हवा. गाडीतल्या बॅगेत असून उपयोग नाही. कडेवर घ्यावं लागणारं मूल आत नेण्याचा मोह आवरावा. ठेंगण्या जागी कडेवरच्या मुलाचं डोकं आधी आपटतं, आणि घामाने सगळ्यात आधी तेच कासावीस होतं.

गुहा सकाळी दहाच्या सुमारास उघडते आणि संध्याकाळी पाचपर्यंत असते. पहिल्या तासात उतरावं. कारण पुन्हा हवा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०४ टक्के असतो. बंद जागेत माणसं श्वास घेत-सोडत राहिली की तो वाढत जातो. एक-दोन टक्क्यांवर गेला की श्वास भरभर होतो, डोकं जड होतं, उगाच अस्वस्थ वाटतं. रात्रभर गुहा रिकामी असते, हवा त्यातल्या त्यात चांगली असते. दुपारी सहलींच्या बस आल्या की एकाच बोळात शंभर माणसं होतात आणि पंखे चालू असूनही घुसमट जाणवते. काडी पेटवून हवा तपासण्याची जुनी युक्ती इथे कामाची नाही. ज्योत प्राणवायू बराच घटला तरच विझते. कार्बन डायऑक्साइडने डोकं दुखायला लागलं तरी ती खुशाल जळत राहील. शिवाय आगीने हवा आणखी बिघडते. उदबत्ती, कापूर, निरांजन यांनाही हेच लागू. आत शिवलिंगासारखे आकार आहेत, श्रद्धा जागी होते, पण हात जोडावेत आणि धूर बाहेर ठेवावा.

गाइड घ्यावा. पाट्या वाचून फिरता येतं, पण गाइडला कोणता बोळ त्या दिवशी बंद आहे आणि कुठे पंख्याची हवा येते, हे माहीत असतं. सगळ्यांना हिंदी येतेच असं नाही, ठरवताना बोलून बघावं. आठ-दहापेक्षा मोठा गट असेल तर दोन भाग करावेत. प्रत्येक भागात पुढे एक आणि शेवटी एक असा ठरलेला माणूस, आणि शेवटच्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. प्रत्येक दालनात पोहोचल्यावर मोजदाद. बोळांना फाटे आहेत, आणि फोटोसाठी मागे रेंगाळलेला माणूस पहिल्या फाट्यावर चुकतो.

जिना उतरून आत गेल्यावर लगेच पुढे सुटू नये. दहा मिनिटं तोंडाजवळच थांबावं. डोळे सरावतात, अंगाला दमटपणाची ओळख होते, आणि गाडीच्या एसीतून आलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावरचं धुकं आपोआप उडतं. ते धुकं रुमालाने पुसत बसलं की पुन्हा पुन्हा धरतं. चष्म्याचंही तसंच. गार काचेवर दमट हवा बसते. काच कोमट झाली की प्रश्न मिटतो.

तोंडाजवळच्या भागाला ध्यानमंदिर म्हणतात. उशीसह पलंगासारखा दिसणारा दगडी आकार तिथे आहे, आणि पूर्वी भिक्षू इथे राहत असं सांगतात. बौद्ध आणि जैन वावराच्या खुणा या गुहांत मिळालेल्या आहेत. नाशिककराला इथे थांबावंसं वाटणं साहजिक आहे. त्रिरश्मीवर भिक्षूंसाठी खडक खोदून खोल्या आणि दगडी बाकं करून दिली, इथे त्यांनी आयती मिळालेली जागा वापरली. पण गर्दीही इथेच होते, म्हणून हे दालन परतताना बघावं.

पुढे सिंहद्वार. लवणस्तंभांची नैसर्गिक कमान, सिंहाच्या तोंडासारखी. इथून पुढे आमचा आग्रह असा, की आधी पाताळगंगा करावी. बहुतेक लोक वाटेतलं प्रत्येक दालन बघत जातात आणि दीड तासाने, घामाने निथळत, सगळ्यात खोल जागेच्या उतरणीवर पोहोचतात. तोवर पाणी संपलेलं असतं आणि पाय थरथरत असतात. बेलममधलं हे सर्वांत खोल ठिकाण जमिनीपासून सुमारे ४६ मीटर खाली आहे. उतरताना सोपं वाटतं, चढून परत यायचं आहे हे तिथे कळतं. उतार ओला, छत खाली, आणि एका वेळी एकच माणूस नीट जाईल अशा जागा. वरून उतरणाऱ्याने खालून चढणाऱ्याला वाट द्यावी, कारण चढणाऱ्याला दम आधीच लागलेला असतो. खाली छोटा झरा आहे, बाराही महिने वाहणारा, आणि तो पुन्हा खडकात नाहीसा होतो. पाच मिनिटं पुरतात. रेंगाळलेल्या प्रत्येक माणसामुळे वरचा एक अडून राहतो.

वर आल्यावर बसून पाणी प्या, नाडी शांत होऊ द्या, आणि मग दालनं बघा. कोटिलिंगांचं दालन डोळे भरून बघण्यासारखं आहे. छतापासून खाली शिवलिंगासारख्या असंख्य आकारांची दाटी. वडाच्या झाडाचं दालन म्हणजे एक जाड खांब आणि छतातून लोंबणाऱ्या पारंब्या. हजार फण्यांच्या दालनात छतावर नागाने फणा उभारल्यासारखे आकार आहेत. मंडप नावाचं दालन मोठं आणि उंच, तिथे अंग सरळ करता येतं. नावं देणाऱ्यांनी आपल्या श्रद्धेतली नावं दिली आहेत आणि ती चपखल आहेत, पण आकार बघताना पाण्याची दिशा बघावी, म्हणजे गुहा उलगडते. भिंतीवर शिंपल्यासारखे उथळ खळगे दिसले की तिथून एकेकाळी पाणी वेगाने गेलं. छत सपाट आणि गुळगुळीत असेल तर बोळ पाण्याने काठोकाठ भरलेला होता. लवणस्तंभाच्या टोकाला थेंब लोंबत असेल तर तो अजून वाढतो आहे. टोक कोरडं आणि धुळकट असेल तर त्याचं पाणी तुटलं आहे.

सप्तस्वरांच्या दालनात दगडांवर बोटाच्या पेराने किंवा लाकडी काठीने ठोकलं की वेगवेगळे नाद येतात. गाइड वाजवून दाखवतात. ते एकदा ऐकावं आणि हात मागे बांधावेत. प्रत्येकाने ठोकून बघायचं ठरवलं, तर वर्षाला एक मिलिमीटरही न वाढणारा दगड किती टिकेल? हीच गोष्ट हात लावण्याची. तळहाताचं तेल आणि घाम चुन्यावर बसला की ठिबकणारं पाणी तिथे नीट साठत नाही, वाढ खुंटते आणि तो भाग काळा पडतो. ज्या उंचीवर हात पोहोचतात तिथले स्तंभ वरच्यांपेक्षा काळवंडलेले दिसतात, ते यामुळे. तोल गेला तर कठडा धरा, जमिनीला हात टेका, लवणस्तंभ धरू नका. तो तुमचं वजन पेलणार नाही, म्हणजे तुम्हीही पडाल आणि तोही जाईल.

दिव्यांच्या आसपास भिंतीवर हिरवट थर दिसतो. ते शेवाळ आहे. सूर्यप्रकाश कधीच न पोहोचलेल्या जागी आपण दिवे लावले, ओल होतीच, आणि माणसांच्या कपड्यांसोबत बीजाणू आले. हे शेवाळ खडकाचा पृष्ठभाग खराब करतं. पर्यटकांसाठी उघडलेल्या जगभरच्या गुहांना हा त्रास आहे. म्हणून रिकाम्या बोळात दिवा लावून ठेवायला सांगू नये, आणि मोठ्या बॅटऱ्यांचे झोत विनाकारण भिंतीवर धरू नयेत.

फोटोचा हव्यास असणाऱ्यांना थोडक्यात: फ्लॅश बंद. हवेतले बारीक जलकण उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/३० ते १/६०, कोपर छातीला टेकवून श्वास सोडताना बटण दाबावं. अरुंद बोळात तिपाई उभी करू नये, मागची रांग अडते. आकाराचा अंदाज यावा म्हणून फोटोत एक माणूस उभा करावा, पण स्तंभांना टेकून नव्हे.

आत दीड ते दोन तास पुरतात. त्याहून जास्त थांबू नये. गटात कुणाचं बोलणं कमी झालं, जांभया वाढल्या, डोकं दुखतं म्हणाला, की त्याच क्षणी एका सोबत्यासह त्याला बाहेर पाठवावं. "थोडंच राहिलंय" म्हणून ओढत नेऊ नये. चक्कर आली तर तिथेच झोपवून भोवती गर्दी करण्यापेक्षा पंख्याची हवा येते त्या ठिकाणी आधार देऊन न्यावं, बसवावं, घोट घोट पाणी द्यावं, आणि सावरल्यावर सावकाश वर. जिन्यावर त्याच्या मागे एक माणूस हवाच. दमलेला माणूस उजेड दिसला की घाई करतो आणि शेवटच्या पायऱ्यांवर पडतो.

बाहेर आल्यावर ओले कपडे बदलावेत, ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी घ्यावं, आणि मगच एसी गाडीत बसावं. बुटांचा चिखल तिथेच झटकावा, पुढे दुसरी कुठली गुहा बघणार असाल तर बूट धुऊनच जावं, म्हणजे एका गुहेतले सूक्ष्मजीव दुसरीत जात नाहीत.

या गुहांची नोंद १८८४ मध्ये भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केली, आणि त्यानंतर जवळपास शंभर वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९८२ पासून डॅनिएल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने आत शिरून सविस्तर मोजणी केली. तरीही १९८८ पर्यंत आसपासचा कचरा इथेच टाकला जात होता. स्थानिक लोकांनी पुढाकार घेतल्यावर तो थांबला, मग राज्याच्या पर्यटन महामंडळाने वाटा, दिवे आणि हवेची सोय केली, आणि २००२ मध्ये गुहा लोकांसाठी खुली झाली. तेव्हा चिप्सचं रिकामं पाकीट आत टाकणाऱ्याला आमच्या गटात जागा नाही. हे आम्ही निघण्याआधी मनमाड स्टेशनवरच सांगतो.

बेलमचं काम दुपारी एकपर्यंत आटोपतं. पुढचा अर्धा दिवस गंडिकोट्यासाठी ठेवावा. जम्मलमडुगूजवळ पेन्ना नदीने कोरलेली दरी आणि तिच्या काठावरचा किल्ला, संध्याकाळच्या उन्हात बघण्यासारखा. गुहेत दमलेल्यांनी तिथे दरीच्या कडेला दगडांवर उड्या मारत फिरू नये, कठडे सगळीकडे नाहीत. ज्यांचे पाय बोलत असतील, त्यांनी सरळ ताडिपत्रीला मुक्कामाला यावं. चिंतल वेंकटरमण आणि बुग्गा रामलिंगेश्वर ही विजयनगर काळातली दोन्ही देवळं गावातच आहेत आणि सकाळी निवांत बघून होतात. गुंतकलला परतताना गाडीच्या वेळेआधी दोन तासांची सवड ठेवा. या रस्त्यावर फरशी आणि सिमेंटचे ट्रक असतात आणि रेल्वेची फाटकं वेळ खातात.